इंग्लंडमध्ये शिकताना सीबीटी घ्यायची असेल तर: ‘करमत नाही’ समजावून सांगता न आलेल्यांसाठी

सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, आपले विचार आणि वागणं तपासून मनाचा त्रास कमी करायचा, बोलून होणारा उपचार. त्याच्या पहिल्या सत्रात माझी दहा मिनिटं ‘करमत नाही’ या दोन शब्दांत गेली. कंटाळा येतो असं सांगून पाहिलं, एकटं वाटतं असं सांगून पाहिलं, घरची आठवण येते असंही सांगून झालं. समोरच्या बाईंनी तिन्ही गोष्टी नीट लिहून घेतल्या आणि विचारलं, “तुमचे छंद काय आहेत?” मी बार्शीचा. डिसेंबर चालू होता, पावणेचारलाच अंधार पडत होता, डोक्यावर बावीस लाखांचं कर्ज होतं, आणि ह्या मला छंद विचारत होत्या. पुढच्या सत्राला मी गेलोच नाही.

दोन महिन्यांनी, अगदीच गळ्याशी आलं तेव्हा, दुसऱ्या ठिकाणी गेलो. या वेळी तयारी करून गेलो आणि खरोखर फरक पडला. ती तयारी कोणीतरी विमानात बसायच्या आधीच सांगायला हवी होती असं वाटतं, म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, इंग्लंडमध्ये एमएस्सी केलेला एक विद्यार्थी आहे. इथली माहिती इंग्लंडची आहे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये व्यवस्था वेगळी आहे.

सगळ्यात आधी एक. जीव द्यावासा वाटत असेल, स्वतःला इजा करून घ्यावीशी वाटत असेल, तर पुढचं वाचत बसू नका. जिवाला लगेच धोका असेल तर ९९९ लावा. नाहीतर १११ लावून २ दाबा, तिथे मानसिक आरोग्याची माणसं चोवीस तास असतात. नुसतं कोणाशी तरी बोलायचं असेल तर समॅरिटन्सचा ११६ १२३ हा नंबर फुकट आहे, रात्री तीनलाही उचलतात. सीबीटी ही आठवड्याला एक तास अशी सावकाश चालणारी गोष्ट आहे, आगीच्या बंबाचं काम तिच्याकडून होत नाही.

१. आजारी पडायच्या आधी जीपीकडे (म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे) नाव घाला

व्हिसाच्या वेळी तुम्ही आरोग्य अधिभार भरलेला असतो. विद्यार्थ्यांसाठी तो २०२४ च्या फेब्रुवारीपासून वर्षाला ७७६ पौंड आहे. म्हणजे एनएचएसचे, इथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, पैसे तुम्ही मोजलेले आहेत. ‘उगाच कशाला त्यांना त्रास’ हा संकोच सोडा. पोचल्याच्या पहिल्या पंधरवड्यात घराजवळच्या जीपीकडे नोंदणी करा. पासपोर्ट आणि भाडेकरार जवळ असला तर काम पटकन होतं, पण ओळखपत्र किंवा पत्त्याचा पुरावा नाही म्हणून नोंदणी नाकारता येत नाही. काउंटरवर कोणी नाही म्हटलं तर शांतपणे हे सांगा.

जीपीकडे गेलात की मनाचं सांगाच, पण रक्त तपासायची गोष्टही काढा. थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व. आपण शाकाहारी घरातली मुलं, त्यात हिवाळ्यात ऊन नाही. थकवा आणि उदासी यातला काही वाटा तिथून येत असू शकतो. माझं बी-१२ तळाला गेलेलं होतं. इंजेक्शनांनी सगळं बरं झालं असं नाही, पण सकाळी उठता यायला लागलं.

२. दार कोणतं ठोठवायचं

विद्यापीठाचं समुपदेशन केंद्र हे पहिलं दार. फुकट, कॅम्पसवरच, बहुतेक ठिकाणी चार ते सहा सत्रं. दुसरं दार म्हणजे एनएचएस टॉकिंग थेरपीज, बोलून होणाऱ्या उपचारांची सरकारी सेवा. २००८ मध्ये ही योजना वेगळ्या नावाने सुरू झाली, २०२३ मध्ये हे नाव मिळालं. इथे जीपीची चिठ्ठी लागत नाही, तुम्ही स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकता, फक्त जीपीकडे नोंदणी असायला हवी. त्यांचं उद्दिष्ट असं की पंचाहत्तर टक्के लोकांचे उपचार सहा आठवड्यांत सुरू व्हावेत. पहिलं बोलणं लवकर होतं, त्यानंतर मधे पुन्हा रांग लागू शकते. म्हणून माझा सल्ला: दोन्हीकडे एकाच दिवशी अर्ज करा आणि दोघांनाही तसं सांगा.

तिसरं दार म्हणजे भारतातले थेरपिस्ट, ऑनलाइन, मराठीत. हे वाईट नाही. वेळेचं गणित जमवावं लागतं, हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. पण विद्यापीठाला पत्र हवं असेल किंवा रात्री काही झालं, तर ठाणे शहरात बसलेला थेरपिस्ट तुमच्यासाठी इथली ॲम्ब्युलन्स बोलावणार नाही. म्हणून इथली नोंदणी ठेवूनच ते करा.

दुभाषा मागता येतो, एनएचएसमध्ये तो फुकट असतो. एक सावधगिरी मात्र घ्या. छोट्या शहरात मराठी दुभाषी म्हणजे गणपतीच्या आरतीला शेजारी उभ्या असणाऱ्या काकूच निघू शकतात. फोनवरचा, दुसऱ्या गावातला दुभाषी मागा.

३. प्रश्नावली खरी भरा

दर सत्राआधी दोन प्रश्नावल्या येतात. पीएचक्यू-९ उदासीसाठी, तिचे गुण शून्य ते सत्तावीस. गॅड-७ चिंतेसाठी, शून्य ते एकवीस. आपल्याला ‘बरं चाललंय’ म्हणायची सवय असते, तशीच आपण टिक करत जातो, आणि गुण इतके कमी येतात की समोरच्याला वाटतं ह्याला फार काही झालेलं नाही. मी पहिल्यांदा सहा गुण मिळवले होते. त्या आठवड्यात मी चार दिवस आंघोळ केली नव्हती.

आणखी एक चूक होते. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा असतो, आणि व्हिसा जाईल या भीतीने मुलं तिथे शून्य टाकतात. समुपदेशन केंद्र तुमच्या घरी कळवत नाही, गृह खात्यालाही नाही. जिवाला गंभीर धोका असेल किंवा कायद्याने भाग पडेल तेव्हाच गोपनीयता बाजूला ठेवली जाते, आणि ते पहिल्याच दिवशी सांगतात. व्हिसाचा प्रश्न उभा राहतो तो वर्गात न जाण्याने, न कळवता गायब होण्याने. कारण विद्यापीठाला तुमच्या हजेरीची नोंद ठेवावी लागते. मधेच सुट्टी घेऊन घरी जायचं मनात असेल तर आधी इंटरनॅशनल ऑफिसशी बोला, तिकीट नंतर काढा.

४. घराचा एक पानी नकाशा काढून न्या

हे कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. थेरपिस्टला तुमचं घर माहीत नसतं. पन्नास मिनिटांच्या सत्रात ते शिकवत बसलात तर उपचार राहून जातात. एका कागदावर लिहून न्या:

घरात कोण कोण आहे, निर्णय कोण घेतं. कर्ज किती, जामीन कोण, तारण काय. घरी किती वेळा फोन होतो आणि कोणाला काय सांगितलेलं नाही. कोणाचं लग्न, कोणाचं आजारपण तुमच्या शिक्षणासाठी थांबलंय. देवधर्म, उपास, खाणं. शरीराला काय होतं: धडधड, डोकं जड होणं, पोटात गोळा. आणि मराठीतले ते शब्द ज्यांना इंग्रजीत जागा नाही: करमत नाही, घालमेल, जीव टांगणीला, मन उडालंय.

जातीचा विषय असेल तर तोही लिहा. आडनाव विचारून गप्प होणारा फ्लॅटमेट, किंवा शिष्यवृत्तीवर आलोय हे लपवून ठेवायचा ताण, हे यॉर्कशायरच्या थेरपिस्टला आपणहून सुचणार नाही. माझ्या एका मित्राने हे सांगायला पाच सत्रं घेतली, आणि तोपर्यंत त्याच्या सगळ्या अडचणीला ‘सामाजिक भीती’ असं नाव पडलं होतं.

थेरपिस्ट भारतीय वंशाचा मिळाला की काम सोपं होईल असं धरून चालू नका. इंग्लंडमधल्याच लेस्टरमध्ये वाढलेल्या माणसाला बार्शी तितकीच लांब असते. माझी दुसरी थेरपिस्ट पक्की इंग्रज होती, आणि तिचा पहिलाच प्रश्न होता, “याला तुमच्या भाषेत काय म्हणता?” तिने ‘करमत नाही’ हे शब्द रोमन अक्षरांत पानाच्या वर लिहून ठेवले आणि शेवटपर्यंत तेच वापरले. उच्चार भयंकर होता.

यावर बराच अभ्यास झालेला आहे. साउदॅम्प्टनमध्ये काम केलेले मनोविकारतज्ज्ञ फारुक नईम यांनी पाकिस्तानातल्या रुग्णांसाठी सीबीटी जुळवून घेतली, पुढे कॅनडातल्या दक्षिण आशियाई लोकांसाठीही तेच काम केलं. मूळ पद्धत तीच राहते. शब्द, उदाहरणं, घरच्यांचा सहभाग आणि शारीरिक तक्रारींकडे बघण्याची रीत बदलते. तुमच्या केंद्रात असं कोणी नसेल तर निम्मं जुळवून घेणं तुम्हालाच करावं लागतं. हा कागद त्यासाठीच.

५. पद्धत काय आहे ते आधीच समजून घ्या

१९६० च्या दशकात फिलाडेल्फियात ॲरन बेक यांनी ही पद्धत मांडली. त्याच्या थोडं आधी न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनी तिच्या जवळची दुसरी पद्धत सुरू केली होती. ती आपल्याकडे मुंबईच्या कि. मो. फडके यांनी आणली आणि मराठीत रुजवली, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांची मानसिक आरोग्यासाठीची आयपीएच संस्था आजही ते काम करते. म्हणजे ‘विचार तपासून बघा’ ही भाषा मराठीत नवी नाही. जायच्या आधी या विषयावरची एखादी मराठी व्याख्यानं ऐकून गेलात तर इंग्रजीत ऐकताना अर्धं डोकं भाषांतरात जात नाही.

थेरपिस्ट कागदावर एक आकृती काढतात: प्रसंग, विचार, भावना, शरीर, कृती, आणि त्यांच्यात बाण. तिला ते ‘हॉट क्रॉस बन’ म्हणतात. हा ईस्टरच्या सुमाराला मिळणारा पाव आहे, वर फुलीचं चिन्ह असलेला, हे मला एप्रिलमध्ये दुकानात कळलं. तोपर्यंत मी मान डोलवत होतो. कळलं नाही तर विचारा, तिथे परीक्षा नसते. आपल्याकडे ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ म्हणतात, बाण त्याचेच आहेत.

६. विचारांची नोंद मराठीतच लिहा

घरचा अभ्यास म्हणून एक तक्ता मिळतो: काय घडलं, मनात काय आलं, काय वाटलं, त्या विचाराच्या बाजूने पुरावा काय, विरुद्ध काय, मग आता काय वाटतं.

माझा एक खरा प्रसंग. पर्यवेक्षकाची मेल आली: गुरुवारी जमेल तेव्हा जरा भेटून जा. मी ती उघडून बंद केली आणि तीन दिवस ग्रंथालयात गेलो नाही, कारण त्यांची खोली त्याच मजल्यावर होती. तक्त्यात मी इंग्रजीत लिहिलं होतं की मला माझ्या प्रगतीची चिंता वाटते. गुळगुळीत, सीव्हीसारखं वाक्य. थेरपिस्ट म्हणाली, हे डोक्यात आलं तेव्हा कोणत्या भाषेत आलं होतं? तिथेच बसून मी मराठीत लिहिलं: “बाबांनी शेत गहाण टाकलं आणि मी इथे लोळतोय. हे मला हाकलणार.” लिहिताना हात थरथरला. काम याच वाक्यावर करायचं होतं.

म्हणून आधी मराठीत, जसं आलं तसं, शिवीसकट लिहा. मग थेरपिस्टसाठी त्यातलं एकच वाक्य इंग्रजीत करा. ज्या वाक्याचं भाषांतर करायला लाज वाटते, बहुतेक वेळा तेच घ्यायचं असतं.

(गुरुवारी त्यांना माझ्या संदर्भसूचीबद्दल बोलायचं होतं. सात मिनिटं लागली.)

७. कर्जाला ‘चुकीचा विचार’ म्हणू देऊ नका

ही सगळ्यात मोठी अडचण, म्हणून इथे जरा थांबतो. सीबीटीत वाईटात वाईट होणारच असं धरून बसण्याला नाव आहे, सगळं काळं किंवा पांढरं बघण्याला नाव आहे. अननुभवी थेरपिस्ट तुमच्या प्रत्येक वाक्याला असं एक नाव लावू शकतो. पण बावीस लाख, अकरा टक्के, दहा वर्षं म्हणजे महिन्याला तीस हजारांवर हप्ता, आणि शिकतानाच्या काळाचं साठलेलं व्याज त्यात मिसळलं तर आणखी वर. हे गणित आहे. व्हिसा संपायची तारीखही कॅलेंडरवर छापलेली आहे. ‘याच्या विरुद्ध पुरावा काय?’ असं विचारून ते कमी होत नाही.

आम्ही वहीचं पान उभं दुमडलं. डावीकडे जे कोणीही तपासून बघू शकतं ते: रक्कम, तारीख, जामीनदार. उजवीकडे त्यावरची माझी बडबड: नोकरी लागली नाही तर बाबा संपतील, गावात तोंड दाखवता येणार नाही, मी नालायक आहे. उजव्या बाजूला विचारांचा तक्ता. डाव्या बाजूला वेगळं तंत्र लागतं, त्याला प्रश्न सोडवण्याचं तंत्र म्हणतात: पर्याय लिहायचे, एक निवडायचा, या आठवड्यात करायचं एक काम ठरवायचं. माझं पहिलं काम होतं बँकेला मेल करून हप्ता नक्की कधी सुरू होतो ते विचारणं. तो कोर्स संपला की लगेच सुरू होतो, असं मी पाच महिने धरून चाललो होतो. बँकेने कोर्सनंतर एक वर्षाची सवलत दिलेली होती, करारातच लिहिलेलं होतं.

थेरपिस्ट डाव्या बाजूच्या गोष्टींवर वाद घालत असेल तर स्पष्ट सांगा: “हे खरं आहे. मला यावर उपाय शोधायला मदत हवी आहे.” चांगला थेरपिस्ट रागावत नाही.

८. काकांचा फोन, किंवा ‘सीमा आखा’ या सल्ल्याचं काय करायचं

आईवडिलांना कमी फोन करा, त्यांच्या अपेक्षा त्यांच्यापाशी राहू द्या, असा सल्ला कधीतरी मिळतो. मी तो एक आठवडा पाळला. तिसऱ्या दिवशी आईने माझ्या फ्लॅटमेटला इन्स्टाग्रामवर शोधून काढलं.

‘लोक काय म्हणतील’ हेही तसंच. पुस्तकी भाषेत ते दुसऱ्याच्या मनातलं ओळखल्याचा आव आणणं. पण आपल्याकडे लोक खरंच म्हणतात, फोन करून म्हणतात. तेव्हा विचारायचा प्रश्न असा: कोण म्हणेल, किती दिवस म्हणेल, आणि त्याने माझं नेमकं काय अडेल? नावं लिहिली तर माझी यादी चार माणसांची झाली. त्यातले एक काका.

नातं न तोडता जमलं ते असं: आईला रोज सकाळी अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज, रविवारी निवांत व्हिडिओ कॉल, मधल्या दिवसांत फोन नाही. रोज आवाज ऐकायला मिळाला की तिची काळजी निम्मी झाली. काकांसाठी एक वाक्य बसवलं आणि सत्रात त्याचा सराव केला. थेरपिस्ट काका झाली, मी मराठीत बोललो: “काका, दिवाळीपर्यंत नोकरीचं विचारू नका. लागली की पहिला फोन तुम्हालाच.” काकांनी त्यानंतरही विचारलं, पण आईमार्फत. मी ती प्रगती धरली.

आईने साडेसाती चालू आहे म्हणून मारुतीला जायला सांगितलं असेल तर तेही सत्रात सांगा. ते खोडून काढायची गरज नाही. स्तोत्र म्हणून छाती हलकी होत असेल तर उपायांच्या यादीत लिहा. त्याच्या आड अभ्यास टळत असेल तर तेही लिहा.

९. कृतीचा भाग: फोडणीचा प्रयोग

उदासीत माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. उपचार म्हणून त्या छोट्या मापात परत सुरू करायच्या असतात. तयार यादीत मेणबत्त्या लावून आंघोळ, पबमध्ये जाणं असलं काहीबाही असतं. ती यादी बाजूला ठेवून आपली करा: वरणभात लावणं, चपात्या जमल्या नाहीत तरी लाटणं, देशी दुकानापर्यंत चालत जाऊन कढीपत्ता आणणं, जवळच्या मंडळात आरतीला उभं राहणं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, इतर शहरांतही काही ना काही सापडतं. दिवस आणि वेळ ठरवून लिहा, ‘मूड झाला की’ असं लिहू नका. आणि सगळीच माणसं मराठी ठेवू नका. तो खड्डा गोड असतो, पण तिथेही नोकरी कोणाला लागली याचीच चर्चा असते.

मी स्वयंपाक बंद केला होता. फोडणीच्या वासाने फ्लॅटमधले पाचही जण वैतागतात, असं मी ठरवून टाकलं होतं आणि महिनाभर ब्रेडवर काढला होता. थेरपिस्ट म्हणाली, प्रयोग करू. आधी अंदाज लिहायचा, मग करून बघायचं, मग जे झालं ते लिहायचं. माझा अंदाज: पाचही जण तक्रार करतील. शनिवारी कांदेपोहे केले. मोहरी तडतडली, स्मोक अलार्म वाजला आणि अख्खी इमारत पायजम्यात खाली उभी राहिली. इतकं वाईट माझ्या अंदाजातही नव्हतं. पण नंतर एकाने खिडकी उघडत जा म्हणून सांगितलं, दोघांनी वाटीभर पोहे मागितले, दोघांना वास आलाच नव्हता. पाचात एक तक्रार, तीही रास्त. त्यानंतर मी रोज जेवायला लागलो, खिडकी उघडून.

१०. गोळ्या आणि कागदपत्रं

जीपीने गोळ्या सुचवल्या तर घाबरू नका. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि मनाने एकदम बंद करायच्या नसतात. इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधाच्या चिठ्ठीमागे ९.९० पौंड पडतात. मित्राच्या बॅगेतल्या झोपेच्या गोळ्या घेऊ नका.

परीक्षा किंवा प्रबंधाची मुदत हुकणार असं दिसलं की विशेष परिस्थितीचा अर्ज मुदतीच्या आधी करा. हुकल्यावर केलेल्या अर्जाला दहा प्रश्न विचारतात. सोबत हे ठेवा:

जीपी किंवा समुपदेशकाचं पत्र, त्यावर त्रास कधीपासून आहे ते आणि तारीख. सत्रांच्या भेटींच्या मेल. औषधाची चिठ्ठी असेल तर तिची प्रत. कोणत्या विषयावर, कोणत्या तारखांना परिणाम झाला याचं तुमचं एक परिच्छेदाचं निवेदन. भारतातल्या डॉक्टरांचं जुनं पत्र असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर.

त्रास वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकणारा असेल तर २०१० च्या समानता कायद्याखाली परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मागता येतात. फॉर्मवरचा ‘अपंगत्व’ हा शब्द वाचून मी तीन आठवडे थांबलो होतो. थांबू नका.

११. सत्रं संपताना

शेवटच्या सत्राच्या आधीच्या सत्रात सांगा की मला परत घसरण्याची लक्षणं आणि उपाय एका पानावर लिहून हवे आहेत. माझ्या पानावर लक्षणांत ‘आईचा मेसेज ऐकत नाही’ आणि ‘ब्रेड’ असं लिहिलेलं आहे. उपायांत बँकेची मेल, पोहे, आणि पुन्हा अर्ज कुठे करायचा ती लिंक. टॉकिंग थेरपीजकडे पुन्हा स्वतःहून अर्ज करता येतो. भारतात परतलात तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. हे पान फोनमध्ये ठेवा आणि एक प्रत अशा माणसाला द्या जो विचारायला लाजणार नाही. माझी प्रत त्या खिडकीवाल्या फ्लॅटमेटकडे आहे.